टेबल सॉवर निमुळते पाय कापतोय, चारही वेगळे येतायत. टेपर जिग नक्की कशी असावी?

पावसूत

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण नुसतं "टेपर (निमुळता उतार) नीट येत नाही" म्हटलं तर कोणाला काही सांगता येणार नाही.

टेबल सॉवर, म्हणजे मधून गोल पातं वर येणाऱ्या टेबलासारख्या करवतीवर, एक छोटं टेबल करतोय. चार पाय, प्रत्येक ७२० मिमी लांब आणि ४५ मिमी चौरस. वरचे १२० मिमी सरळच ठेवायचे, कारण तिथे आडव्या पट्ट्या येऊन बसतात. तिथून खाली पाय आतल्या दोन बाजूंनी निमुळता होत तळाशी २५ मिमी चौरस व्हायला हवा. म्हणजे ६०० मिमी लांबीत २० मिमी उतार. कॅल्क्युलेटरवर कोन १.९१ अंश येतो.

माझ्याकडे बिजागरीवाली तयार जिग आहे, म्हणजे लाकूड ठरलेल्या कोनात धरायचं साधन. ॲल्युमिनियमचे दोन लांब हात, एका टोकाला बिजागरी, दुसरीकडे अंशांच्या खुणा आणि कोन पक्का करायची चावी. ती फेन्सला (पात्याशेजारच्या सरळ आधारपट्टीला) टेकवायची, लाकूड जिगला टेकवून धरायचं आणि दोन्ही एकत्र पुढे ढकलायचं. टाकाऊ पाइनचे चार पाय करून पाहिले. तळाची मापं आली २५, २३.५ आणि २६. चौथा मोजलाच नाही. तो कापताना मध्येच जिगपासून सुटला, पात्याला घासून काळा पडला आणि उलटा मागे फेकला गेला. मी पात्याच्या सरळ रेषेत उभा नव्हतो म्हणून लागलं नाही. दोन दिवस मशीनला हात लावायची हिंमत झाली नाही.

खरे पाय सागाचे आहेत आणि तेवढ्याच मापाचे चार तुकडे आहेत. पाचवा निघणार नाही. जिग बदलू, की माझी पद्धत चुकतेय?

गुण्या

लागलं नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. हे मुद्दाम आधी लिहितोय, कारण पुढे सगळे मापांवरच बोलतील.

१० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दात सेकंदाला साधारण ५३ मीटर वेगाने धावतात. पुढच्या बाजूचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात, मागच्या बाजूचे वर येत असतात. लाकूड किंचित तिरकं होऊन मागच्या दातांना लागलं, की ते दात त्याला उचलून तुमच्याकडे भिरकावतात. बिजागरीच्या जिगमध्ये लाकूड कशानेच बांधलेलं नसतं. हाताने जिगकडे दाबायचं, त्याच हाताने पुढे ढकलायचं, आणि कापून होईपर्यंत दाब सारखा ठेवायचा. निमुळत्या तुकड्यावर हे जमणं फार अवघड आहे. तुमची पद्धत चुकली म्हणण्यापेक्षा ती जिगच तुमच्यावर नको तेवढं ओझं टाकते.

एक विचारू? रायव्हिंग नाइफ लावलेली होती का?

पावसूत

नव्हती, गुण्यादादा. जिगला अडेल असं वाटून काढली होती.

गुण्या

परत लावा. ती पात्याच्या मागे, पात्याला जवळजवळ चिकटून उभी असते आणि फट मिटू देत नाही. पाय कापताना पातं लाकडाच्या आरपार जातं, त्यामुळे ती काढायचं काही कारणच नाही. वरचं झाकण काही जिगमध्ये खरंच अडतं, ते समजू शकतो. ही मात्र कशालाच अडत नाही.

सरळ_रेघ

मी बरीच वर्षं निमुळते पाय करतोय. सुरुवात याच बिजागरीच्या जिगने केली आणि याच कारणाने ती सोडली. वेळ काढून लिहितो.

पहिली गोष्ट, तो १.९१ अंश विसरून जा. त्या जिगवर पाव अंशाची चूक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पण ६०० मिमी लांबीवर पाव अंश म्हणजे २.६ मिमी. तुमचे २३.५ आणि २६ याच हिशेबात बसतात. कोन लावून टेपर कापायचा म्हणजे लहान खुणेवरून लांबचं माप काढायचं, त्यात चूक वाढतच जाते. उलट करा. लाकडावर दोन टोकांना दोन खुणा करा आणि त्या जोडून रेघ ओढा. आता ती रेघ पात्यावर आणायची, बस्स. कोन किती आला हे कोणी विचारणार नाही.

रेघ पात्यावर आणण्यासाठी घसरती फळी करायची, स्लेज म्हणा. १२ मिमीचं चांगलं सपाट प्लायवूड किंवा एमडीएफ घ्या. लांबी पायापेक्षा निदान १५० मिमी जास्त, म्हणजे तुमच्यासाठी ९०० मिमी पुरे. रुंदी २५० ते ३००. खालून एक पट्टी लावायची, जी टेबलाच्या माइटर खाचेत (पात्याला समांतर कोरलेल्या खोबणीत) बसून सरकेल. बऱ्याच मशीनवर ही खाच १९ मिमी रुंद आणि साडेनऊ मिमी खोल असते, पण तुमची मोजून घ्या. पट्टी खाचेत डुगडुगली तर पुढचं सगळं वाया. कठीण लाकडाची पट्टी एक-एक हात रंधा मारत बसवा. सहज सरकावी, पण आडवी हलू नये.

पट्टी अशा जागी लावा की स्लेजची एक कड पात्याच्या पलीकडे चार-पाच मिमी जाईल. मग मशीन चालू करून स्लेज एकदा पूर्ण ढकला. पातं जास्तीचा भाग कापून टाकेल. आता स्लेजची ती कड म्हणजेच पात्याची रेघ. सगळी युक्ती यात आहे. यापुढे या स्लेजवर ठेवलेल्या लाकडाचा जो भाग कडेबाहेर राहील तो कापला जाईल आणि आतला राहील. लाकडावरची रेघ कडेवर आणली की मापं झाली.

मग पहिला पाय स्लेजवर ठेवा, दोन्ही खुणा कडेवर आणा, टाकाऊ भाग बाहेर. पायाच्या आतल्या बाजूला लांब पट्टी टेकवून स्क्रूने पक्की करा. तळाकडच्या टोकाला एक ठोकळा लावा. पुढचा पाय याच पट्टीला आणि याच ठोकळ्याला टेकणार, म्हणून चारही एकसारखे. वरून दोन टॉगल क्लॅम्प, म्हणजे दांडा दाबला की लाकूड पक्कं धरणारे चिमटे. त्यांच्या खाली लाकडाचा जाड ठोकळा द्या, म्हणजे रबराचं टोक पायाच्या मध्यावर दाब देईल. क्लॅम्पचा दांडा वळून पात्याच्या वाटेत येत नाही ना, हे मशीन बंद असताना स्लेज पुढे-मागे करून पाहा. दर वेळी पाहा.

हात स्लेजच्या मागच्या टोकाला आणि पात्यापासून लांबच्या बाजूला. मी तिथे रंध्याच्या मुठीसारखी एक मूठ बसवली आहे, बोटांना जागा ठरून जाते.

लाकूडवेडी

सरळरेघदादा, "स्लेजची कड म्हणजे पात्याची रेघ" हे वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरंच लाकूड वाचलं असतं.

त्यात एक भर. पातं बदललं तर ती कड खरी राहत नाही. साधं पातं एक सूत फट पाडतं, म्हणजे ३.२ मिमी. पातळ पातं २.४ मिमीच्या आसपास. साध्या पात्यावर केलेली स्लेज पातळ पात्यावर चालवली तर कड आणि पातं यांच्यात थोडी फट राहते, रेघ चुकते आणि लाकडाच्या खालच्या कडेला आधार न राहिल्याने कुसळं निघतात. मी आता स्लेजवरच लिहून ठेवते, कोणत्या पात्यासाठी आहे ते. पातं बदललं की कडेला पातळ पट्टी चिकटवून नव्याने कापून घ्यायची.

आणि फेन्स! स्लेज खाचेत चालत असेल तर फेन्स पूर्ण बाजूला सरकवा, किंवा काढूनच टाका. कापलेला पाचरीसारखा तुकडा पातं आणि फेन्स यांच्यात अडकला तर तो बाणासारखा मागे येतो. माझ्याकडे एकदा तो मागच्या भिंतीवर आपटला. भिंतीवरची खूण अजून आहे आणि मी ती मुद्दाम रंगवलेली नाही.

नवी_करवत

वाचतोय. एक शंका. खाचेत पट्टी न लावता स्लेज फेन्सला टेकवूनच चालवली तर? माझ्या मशीनची खाच झिजली आहे.

सरळ_रेघ

चालते, आणि बरेच जण तसंच करतात. फेन्स, तिला टेकलेली स्लेज, मग पातं, आणि पलीकडे मोकळा सुटणारा तुकडा, अशी मांडणी असते. तुकडा फेन्सच्या बाजूला नसतो म्हणून अडकत नाही. पण दोन पथ्यं. फेन्स पात्याला समांतर हवी आणि दर वेळी अगदी त्याच मापावर लागली पाहिजे, नाहीतर स्लेजची कड थोडी थोडी खाल्ली जाते किंवा पात्यापासून दूर राहते. दुसरं, स्लेज फेन्सपासून सुटू द्यायची नाही. खाचेत ती काळजी पट्टी घेते, इथे तुम्हालाच घ्यावी लागते. म्हणून मला खाच बरी वाटते. पण खाच झिजली असेल तर फेन्सच बरी.

रंधेवाला

एक वेगळं मत मांडतो, राग नसावा.

चार पायांसाठी एवढी जिग कशाला? बँडसॉवर (अखंड पट्टीसारखं पातं असलेल्या करवतीवर) रेघेच्या दीड मिमी बाहेरून कापा आणि रंध्याने रेघेपर्यंत आणा. बँडसॉ लाकूड मागे फेकत नाही, कारण पातं सरळ खाली जातं आणि लाकूड टेबलावरच दाबून ठेवतं. बँडसॉ नसेल तर हातकरवतीनेही होतं. टेबल सॉवर कापल्यावरही दातांच्या खुणा काढायला रंधा लागणारच आहे. मग शेवटी जे करायचंच आहे तेच मुख्य काम का समजू नये?

रंधा मारताना दिशा मात्र चुकवू नका. जाड टोकाकडून निमुळत्या टोकाकडे, उताराच्या बाजूने. निमुळत्या बाजूवर तंतू कापलेले असतात. उलट, म्हणजे तळाकडून वर रंधा मारला तर पातं तंतूंच्या खाली घुसून लाकूड उचकटतं. सागात हे लगेच दिसतं.

सरळ_रेघ

रंधेवालेकाका, राग कसला. एक-दोन पायांसाठी मीही तसंच करीन. तुमची दिशेची सूचना तर सगळ्यांनी लिहून ठेवावी अशी.

पण चार पाय एकसारखे हवे असतील आणि हाताला अजून रंध्याची सवय नसेल, तर स्लेज चुका कमी करते. रंध्याने दोन बाजू रेघेपर्यंत आणायच्या, दोन्ही एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या, आणि हे चार वेळा करायचं. तुम्हाला ते सहज जमतं कारण तुमचा हात बसलेला आहे. पावसूत यांच्याकडे पाचवा तुकडा नाही.

रंधेवाला

हे पटलं. त्यांनी स्लेजच करावी. पण शेवटचे दोन हात रंध्याचे असू द्यावेत. सँडपेपरने दातांच्या खुणा काढायला गेलं तर कडा गोलावतात आणि टेपर जिथून सुरू होतो ती स्पष्ट रेघ पुसली जाते. निमुळत्या पायाचं सौंदर्य त्या एका रेघेत आहे.

पावसूत

एवढं सगळं एकाच दिवसात! मनापासून आभार.

स्लेज केली. १२ मिमी प्लायवूड, ९०० बाय २८०. पट्टी बसवायलाच दोन संध्याकाळी गेल्या, पण आता खाचेत आडवी हलत नाही. कड कापून घेतली. ती पहिल्यांदा कापली गेली तेव्हा काय म्हणताय ते खरं समजलं.

आता अडलोय ते वळवण्यावर. पहिली बाजू कापली. दुसरी शेजारची बाजू कापायला पाय कसा फिरवायचा? कागदी ठोकळ्यावर करून पाहिलं तर कधी कापलेली बाजू पट्टीला टेकते, कधी खाली येते.

सरळ_रेघ

नेमका प्रश्न. नियम एकच: जी बाजू आधीच कापली ती ना पट्टीला टेकली पाहिजे, ना खाली स्लेजवर. पट्टी आणि स्लेज, दोन्हींना अजून चौरस असलेल्या बाजूच टेकवायच्या.

पहिली बाजू कापून झाली की ती बाहेर, पात्याकडे असते. पाय ९० अंशात असा वळवा की ती कापलेली बाजू वर येईल. मग आधी पट्टीला टेकलेली बाजू खाली जाते, आधी वर असलेली पट्टीला टेकते, आणि आधी खाली असलेली बाहेर येते. तीच आता कापायची. टेकलेल्या दोन्ही बाजू अजून सरळ आहेत, त्यामुळे पट्टी, ठोकळा काहीही हलवायचं नाही.

यात एक सापळा आहे. क्लॅम्प आता कापलेल्या, उतरत्या बाजूवर दाबणार. तळाकडे पाय २० मिमी बुटका झालेला असतो, म्हणून तिथला क्लॅम्प हवेत राहतो. त्याची उंची स्क्रूने वाढवा, किंवा पहिल्या कापातून निघालेली पाचरच परत त्या बाजूवर ठेवून तिच्यावरून दाबा. मी पाचरच ठेवतो. दोन बाजूंच्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला तर ती सरकत नाही.

लाकूडवेडी

आणि पावसूत, कापायला बसण्याआधी प्रत्येक पायाच्या वरच्या टोकावर खडूने ठळक खूण करा: आतल्या दोन बाजू कोणत्या. चारही पाय टेबलाच्या जागी उभे करून, मधोमध तोंड करून खुणा करा. सगळ्यात हळहळ वाटणारी चूक म्हणजे माप अचूक, टेपर अचूक, पण एका पायाचा टेपर बाहेरच्या बाजूला. ती दुरुस्त होत नाही.

आडव्या पट्ट्यांच्या कुसवांसाठीची (टोकाच्या जिभांसाठीची) भोकं पाडली का? ती टेपरच्या आधी. चौरस लाकूड शिकंज्यात नीट बसतं, निमुळतं बसत नाही.

पावसूत

ताई, भोकं अजून पाडली नाहीत! आज पाडतो. पट्ट्या १०० मिमी रुंद आहेत आणि टेपर १२० वर सुरू होतो, म्हणजे खाली २० मिमी सरळ भाग उरतो. पुरेसा?

लाकूडवेडी

पुरेसा. पट्टीच्या खालच्या कडेला अगदी चिकटून टेपर सुरू केला तर सांध्याची थोडीशी चूकही दिसून येते. १० ते २० मिमी सरळ भाग डोळ्यांना बरा वाटतो.

नवी_करवत

सरळरेघदादा, तळाचं टोक आधी पात्याकडे न्यायचं की वरचं? मी दोन्ही पद्धती पाहिल्या आहेत.

सरळ_रेघ

मी तळाचं टोक आधी नेतो. तिथे टाकाऊ भाग सर्वांत जाड, तुमच्या बाबतीत २० मिमी. पातं टोकाच्या आडव्या तोंडात सरळ शिरतं, सुरुवातीपासून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकूड असतं आणि ते भरकटत नाही. मग तुकडा पातळ होत होत टेपर सुरू होतो तिथे संपतो. उलट केलं तर पातं एका लांब सपाट बाजूवर जवळजवळ समांतर टेकतं. पहिला स्पर्शच घसरता होतो, आणि टेपर कुठून सुरू झाला ती जागा पुसट येते.

तुमचा ठोकळा मात्र मग दुसऱ्या टोकाला, म्हणजे तुमच्या बाजूला लागेल, कारण पातं पायाला मागे ढकलतं. वर मी "तळाकडच्या टोकाला ठोकळा" लिहिलं ते इथे चुकीचं ठरतं. दुरुस्ती: ठोकळा पायाच्या वरच्या टोकामागे, ढकलणाऱ्या बाजूला. पावसूत, हे नक्की वाचा.

पावसूत

वाचलं. अजून स्क्रू मारले नव्हते. बरं झालं लगेच लिहिलंत.

पातं किती वर ठेवायचं? आणि माझ्याकडे २४ दातांचं आणि ४० दातांचं, अशी दोन पाती आहेत.

गुण्या

नसेच्या दिशेने उभं कापायचं आहे, लाकूड ४५ मिमी जाड. २४ दातांचं घ्या. दात कमी आणि दातांमधली जागा मोठी, म्हणून भुसा बाहेर पडतो आणि पातं तापत नाही. ४० दातांचं गुळगुळीत कापेल खरं, पण एवढ्या जाडीत हळू ढकलावं लागेल आणि साग जळेल. खुणा काढायला रंधा आहेच.

उंची अशी की दातांमधली खाच लाकडाच्या जेमतेम वर यावी. १० इंची पातं सरळ उभं असताना साधारण ७९ मिमीपर्यंत कापतं. तुमचं ४५ आणि खाली स्लेजचे १२, म्हणजे ५७. आरामात बसतं. पण कोणी ७० मिमीचा पाय करत असेल तर स्लेजची जाडी आधी हिशेबात धरा.

काळं पडण्याबद्दल: पातं बोथट असेल, दातांवर डिंक साचला असेल, ढकलताना मध्ये थांबलात, किंवा खाचच पात्याला समांतर नसेल, यांपैकी काहीतरी असतं. शेवटचं एकदा तपासून घ्या. पात्याच्या एकाच दातावर खूण करा, तो दात पुढे आणून खाचेपासून मोजा, मग तोच दात फिरवून मागे नेऊन मोजा. दोन्ही मापं एक हवीत. वेगवेगळे दात मोजले तर पात्याचा किंचित वाकडेपणा मापात मिसळतो.

आणि कापून झाल्यावर तुकडा काढायला हात नेऊ नका. मशीन बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या, मगच. पातळ पाचर फिरत्या पात्याजवळ पडलेली दिसते आणि हात आपोआप जातो. बोटं गेलेल्या माणसांकडून मी हे ऐकलं आहे, प्रत्यक्ष.

कोनमापक

धागा उशिरा वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल ना? मला चारही बाजूंनी निमुळते पाय करायचे आहेत, प्रत्येक बाजूने १० मिमी. याच स्लेजवर होईल?

सरळ_रेघ

होईल. पहिल्या दोन शेजारच्या बाजू वर लिहिल्याप्रमाणेच. तिसऱ्या कापात आधीची पहिली कापलेली बाजू पट्टीकडे जाते. तिथे तळाला लाकूड १० मिमी कमी आहे, म्हणून पट्टी आणि पाय यांच्यात तळाशी १० मिमीची पाचर द्यायची. पहिल्या कापातून निघालेली पाचर वापरू नका, पात्याने तिची जाडी एक सुताने खाल्लेली असते. वेगळी, मोजून करा. खाली अजून न कापलेली चौथी बाजू ठेवा, तिला काही लागत नाही.

चौथ्या कापात मात्र पट्टीकडची बाजूही कापलेली आणि खालचीही. म्हणून दोन पाचरी: एक पट्टीकडे, एक खाली. खालची विसरलात तर पायाचं टोक हवेत राहतं आणि क्लॅम्प दाबला की पाय हलतो.

सपाट फळी दोन्ही कडांनी निमुळती करायची असेल तर पाचरीऐवजी पायरीचा ठोकळा सोयीचा. एका कडेला १० मिमी कमी करायचं असेल तर तळाच्या ठोकळ्याला १० ची पायरी आणि पुढे २० ची. पहिली कड १० च्या पायरीवर टेकवून कापायची, मग फळी पालथी करून २० च्या पायरीवर. दुप्पट का? १० तर निमुळती झालेली कड आधीच आत गेली आहे म्हणून, आणि १० नवीन टेपरचे.

कोनमापक

पायरीचा ठोकळा फार आवडला. मग त्याच स्लेजवर निमुळत्या फळ्या कापून चौकोनी कुंडी करता येईल का, वर रुंद आणि खाली अरुंद? बाजू ५ अंश बाहेर झुकलेल्या, कोपरे ४५ चे.

सरळ_रेघ

कापता येतील, पण कोपरे ४५ चे राहत नाहीत. फळी झुकली की कोपऱ्याचा कोन किंचित बदलतो. ५ अंश झुकवलीत तर पातं ४४.८ अंशांवर तिरकं करायचं, १० अंशांना ४४.१ वर. ५ अंशांचा फरक एवढा थोडा आहे की गोंद आणि क्लॅम्प तो झाकतात. १० अंशांना सांधा उघडा दिसेल.

फळीच्या प्रत्येक कडेचा टेपर ५ अंशांसाठी जवळजवळ ५, नेमका ४.९८. पण तिथेही कोन लावू नका. फळीवर वरची रुंदी आणि खालची रुंदी खुणेने मांडा, रेघ ओढा, कडेवर आणा. फक्त पातं तिरकं केल्यावर स्लेजची कड पुन्हा त्या तिरक्या पात्याने कापून घ्यावी लागेल. त्यासाठी वेगळी स्लेज करा, पायांची बिघडवू नका. आणि तिरकं पातं कोणत्या बाजूला झुकतं ते पाहून तुकडा पात्याखाली अडकणार नाही अशा बाजूला ठेवा.

रंधेवाला

एक छोटी आठवण, विषयाला धरूनच. आतल्या दोनच बाजूंनी निमुळता पाय ही अमेरिकेतल्या शेकर समाजाच्या फर्निचरची ओळख आहे. बाहेरून पाहिलं तर पाय सरळ उभा दिसतो, आणि टेबल तरीही हलकं वाटतं. बाहेरच्या दोन बाजू सरळ राहिल्यामुळे पायाची ठेवण रुंद राहते, टेबल डगमगत नाही. पावसूत यांनी बाहेरून टेपर दिला नाही ते योग्यच केलं.

पावसूत

मंडळी, पाय झाले!

आधी पाइनचे दोन. ते २५ आले म्हणून सागाला हात घातला. भोकं आधी पाडली, खडूने खुणा केल्या, ठोकळा वरच्या टोकामागे, तळ पुढे, फेन्स पूर्ण काढून ठेवली, रायव्हिंग नाइफ जागेवर. २४ दातांचं पातं आधी डिंक काढून साफ केलं, त्याने फारच फरक पडला. प्रत्येक पाय कापण्याआधी मशीन बंद ठेवून स्लेज एकदा पुढे-मागे केली. एकदा खरोखर क्लॅम्पचा दांडा वाटेत होता.

तळाची मापं: २५.८, २५.७, २५.८, २५.९. थोडं जास्त आलं, कारण मी रेघेच्या किंचित बाहेर पट्टी पक्की केली होती, रंध्यासाठी. रंध्याचे दोन-तीन हात, जाड टोकाकडून खाली, आणि आता चारही २५ ला आहेत. कुठेही जळलं नाही. दुसऱ्या बाजूच्या वेळी पाचर परत ठेवून क्लॅम्प केला, पाय जरासुद्धा हलला नाही.

एक प्रश्न राहिला. दोन पायांवर टेपर जिथे सुरू होतो तिथे दातांची एक खोल ओरखडी आहे, १२० च्या रेघेजवळ, साधारण अर्धा मिमी. बाकी दोन स्वच्छ आहेत.

गुण्या

मापं वाचून फार आनंद झाला.

ओरखडी स्लेज परत मागे ओढताना आली असणार. कापून झाल्यावर पातं फिरत असतानाच मागे घेतलीत का? मागचे दात तिथून वर येताना कडेला घासतात. पुढच्या वेळी शेवटपर्यंत ढकला, मशीन बंद करा, पातं थांबलं की मगच मागे घ्या.

पावसूत

होय, पहिल्या दोन पायांना तसंच केलं होतं. तिसऱ्यापासून थांबलो होतो. अर्धा मिमी रंध्याने निघेल, पण मग रेघ वर सरकेल ना?

रंधेवाला

सरकेल, साधारण १५ मिमी. ३० ला १ असा उतार आहे, म्हणून अर्धा मिमी खोली काढली की लांबीत तिच्या तीसपट. तुमच्याकडे पट्टीखाली २० मिमी आहेत, म्हणजे पाचच उरतील आणि चारही पाय तसेच करावे लागतील. तसं करू नका. त्या दोन पायांवर ओरखडीच्या जागी ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री टेकवा. तंतू दाबले गेले असतील तर बरेच वर येतील. उरलं तर खरवडपट्टीने फक्त तेवढीच जागा, रेघ न ओलांडता. ते पाय मागच्या बाजूला लावा.

पावसूत

इस्त्री फिरवली. एका पायावरची पूर्ण गेली. दुसऱ्यावर नखाला जेमतेम लागते, दिसत नाही. तो मागे डावीकडे जाईल. आज आडव्या पट्ट्यांची कुसवं कापायला घेतो.